आधी प्रत, मग कुलूप: घरच्या संगणकातली माहिती कशी जपावी

इंदूरच्या एखाद्या मराठी घरातला संगणक उघडला तर आत काय सापडतं? रामबागेतल्या जुन्या घराची स्कॅन केलेली रजिस्ट्री, मुलांच्या मार्कशीट, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक), विम्याच्या पॉलिसी, आयकराची विवरणपत्रं, मुंजी-लग्नांचे हजारो फोटो. घरात कोणी मंडळाचं काम पाहत असेल तर सभासदांची नावं आणि फोन नंबरही. या साठ्याला धोके दोनच, पण ते एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. पहिला, साठा नाहीसा होणं. दुसरा, तो भलत्याच्या हाती लागणं.

नवखी माणसं इथेच घोटाळतात, कारण एकावरचा उपाय दुसरा धोका वाढवतो. प्रती वाढवल्या की नाहीसं होण्याची भीती कमी होते, पण चोरी होऊ शकेल अशा जागा वाढतात. कुलूप लावलं की चोराची भीती कमी होते, पण किल्ली हरवली तर मालकच बाहेर राहतो. म्हणून क्रम पाळायचा: आधी प्रत, मग किल्ली कागदावर, आणि त्यानंतर कुलूप. उत्साहाच्या भरात आधी सगळी डिस्क एन्क्रिप्ट करून (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करून) पासवर्ड विसरलेल्या माणसाला पुढे कोणीही मदत करू शकत नाही, दुकानदारही नाही आणि ते सॉफ्टवेअर बनवणारेही नाहीत.

खालच्या पायऱ्या विंडोज ११ धरून दिल्या आहेत. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. अजून तेच वापरत असाल आणि यंत्राला विंडोज ११ चालत असेल, तर बॅकअप घेऊन झाल्यावर पहिलं काम विंडोज ११ बसवण्याचं करा.

साठा एका जागी आणा

माहिती डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये, व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये आणि तीन जुन्या पेनड्राइव्हांत विखुरलेली असेल तर तिची प्रत कधीच पुरी होत नाही. एकच मोठं फोल्डर करा आणि त्यात चार उपफोल्डर: कागदपत्रं, हिशेब, फोटो, इतरांची माहिती. फाइलच्या नावाची सुरुवात वर्ष-महिना-दिवस अशी केली, उदाहरणार्थ २०२४-११-०३, की यादी आपोआप तारखेने लागते.

मग त्या फोल्डरवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये आकार पाहा. मोबाइलचा एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा, म्हणजे दहा हजार फोटोंना ४० जीबीच्या आसपास जागा लागते. रंगीत स्कॅन केलेला एक ए-फोर कागद ३०० डीपीआयवर जेपेग केला तर १ ते ३ एमबी होतो. ६०० डीपीआयने कागदपत्रांना काही मिळत नाही, नुसती जागा चौपट जाते. अपवाद एवढाच, की जुने मोडीतले कागद किंवा फिकट झालेले फोटो असतील तर ६०० ठेवा, कारण पुन्हा स्कॅन करायची वेळ येईपर्यंत मूळ कागद टिकेल याची खात्री नसते.

हे मोजताना एक गोष्ट लक्षात येईल. जागा खाणारे फोटो आणि व्हिडिओ फारसे गुपित नसतात, आणि जे खरोखर गुपित आहे ते क्वचितच चार-पाच जीबीच्या वर जातं. त्यामुळे प्रत सगळ्याची घ्यायची असली तरी कडक कुलूप छोट्या भागाला लावलं तरी पुष्कळ काम होतं.

प्रत: दोन डिस्क, आणि त्यातली एक घराबाहेर

बॅकअपचा जगभर चालणारा नियम ३-२-१ असा सांगतात: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. संगणकातली मूळ प्रत धरून तीन. घरासाठी याचा सोपा अर्थ असा, की दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या आणि महत्त्वाचा भाग क्लाउडवरही, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यातही, ठेवा.

डिस्क आरएनटी मार्गावरच्या किंवा जेल रोडच्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, पण सीलबंद आणि बिलासकट घ्या, म्हणजे वॉरंटी मिळते. १ टीबीची डिस्क लावल्यावर विंडोज ९३१ जीबी दाखवतं. यात फसवणूक नाही: बनवणारे १००० च्या पटीने मोजतात, विंडोज १०२४ च्या. खरी फसवणूक पेनड्राइव्हांत होते. अविश्वसनीय स्वस्तात मिळणाऱ्या '१ टीबी' किंवा '२ टीबी' पेनड्राइव्हमध्ये खरी जागा ३२ किंवा ६४ जीबीच असते आणि ती संगणकाला खोटा आकार सांगते. खरी जागा संपली की पुढच्या फाइली लिहिल्यासारख्या दिसतात, पण उघडत नाहीत. 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' नावाचं मोफत सॉफ्टवेअर पूर्ण जागा भरून, परत वाचून खरं माप सांगतं. नवी पेनड्राइव्ह किंवा कार्ड वापरात घेण्याआधी ही चाचणी कराच. खऱ्या पेनड्राइव्हवरही एकुलती एक प्रत ठेवू नका. तिच्यातला मेमरी चिप वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिला की त्यातला भार हळूहळू ओसरतो. एसएसडीचंही, म्हणजे चिपवर चालणाऱ्या न फिरणाऱ्या डिस्कचंही, तेच. कपाटात ठेवायला फिरती हार्ड डिस्कच बरी.

प्रत घेण्यासाठी 'फ्रीफाइलसिंक' हे मोफत सॉफ्टवेअर नवख्याला पुरेसं आहे. डाव्या बाजूला तुमचं मोठं फोल्डर, उजव्या बाजूला डिस्कवरचं फोल्डर. वरच्या हिरव्या चाकाच्या चिन्हात तीन मुख्य पर्याय आहेत: 'टू वे', 'मिरर' आणि 'अपडेट'. 'मिरर' डावीकडे जे नाही ते उजवीकडूनही काढून टाकतं, म्हणजे संगणकावर चुकून पुसलेली फाइल प्रतीतूनही जाते. 'अपडेट' निवडा. त्याच खिडकीत पुसलेल्या व बदललेल्या फाइलींसाठी 'व्हर्जनिंग' हा पर्याय आहे. तो चालू करून डिस्कवरच 'जुन्या' नावाचं फोल्डर दाखवा. आता नवी फाइल आली की तिची आधीची आवृत्ती तारखेसह त्या फोल्डरमध्ये जाऊन बसते.

दर वेळी 'सिंक्रोनाइझ'च्या आधी 'कम्पेअर' दाबा आणि आकडा वाचा. आठवड्यात तुम्ही वीस फाइली बदलल्या असतील आणि यादी सहा हजार बदल दाखवत असेल, तर तिथेच थांबा. एकतर फोल्डर चुकीचं निवडलं गेलंय, किंवा रॅन्समवेअरने, म्हणजे फाइलींना स्वतःचं कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, तुमच्या फाइली आधीच बदलल्या आहेत आणि तुम्ही तोच कचरा चांगल्या प्रतीवर ओतायला निघाला आहात.

काम झालं की डिस्क काढून ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे. रॅन्समवेअर संगणकाला जोडलेली प्रत्येक डिस्क एन्क्रिप्ट करतं. ते बॅकअप आणि मूळ प्रत यांत फरक करत नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' जगभर पसरलं तेव्हा संगणकाला जोडून ठेवलेले बॅकअपही गेले. काढताना खाली उजवीकडच्या चिन्हातून 'सेफली रिमूव्ह' करा, नाहीतर शेवटच्या काही फाइली अर्धवट लिहिलेल्या राहतात. डेस्कटॉप असेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस लावा. जून ते सप्टेंबरात इथे विजेचा लपंडाव चालतो, आणि प्रत घेताना वीज गेली तर त्या डिस्कची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची रचना, बिघडू शकते. यूपीएसची बॅटरी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं टिकते. ती वेळ सगळं नीट बंद करण्यासाठी आहे, काम चालू ठेवण्यासाठी नाही.

दुसरी डिस्क दुसऱ्या घरात. सुदामानगरात राहत असाल तर विजयनगरातल्या मावशीकडे, नाहीतर देवास-उज्जैनला, किंवा पुण्यातल्या भावाकडे. चोरी, आग, छत गळणं या गोष्टी एका घराच्या दोन्ही डिस्क एकदम नेतात, पण दोन घरांच्या नाही. गणपती आणि दिवाळीला येणं-जाणं होतंच, तेव्हा डिस्कांची अदलाबदल करा. पावसाळ्यात डिस्क झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा.

आणि प्रत उघडून पाहा. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्याच संगणकावर डिस्क लावून पाच-सहा फाइली उघडा: एक जुना पीडीएफ, एक एक्सेल, एक मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत. नुसती नावं दिसणं पुरेसं नाही. लोक वर्षानुवर्षं बॅकअप घेतात आणि तो कधीच उघडून पाहत नाहीत. मग जेव्हा गरज पडते तेव्हा कळतं, की ज्या फोल्डरमध्ये काम चाललं होतं ते यादीत कधी घातलंच नव्हतं.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

गुगल ड्राइव्ह मोफत १५ जीबी देतं, वनड्राइव्ह ५ जीबी. विंडोज ११ बसवताना वनड्राइव्ह बरेचदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डर आपणहून स्वतःकडे घेतं. ५ जीबी भरले की इशारे सुरू होतात, माणूस वैतागून वनड्राइव्हच्या पानावर जाऊन फाइली पुसतो, आणि त्या संगणकावरूनही जातात, कारण दोन्ही जागा एकाच फोल्डरची दोन रूपं असतात. असं झालं तर तीस दिवसांच्या आत वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमधून परत आणता येतात. त्यानंतर नाही. वनड्राइव्हच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'सिंक अँड बॅकअप'खाली 'मॅनेज बॅकअप' उघडून कोणती फोल्डर तिकडे जातात ते आजच पाहून घ्या.

क्लाउडचा वेगही हिशेबात धरा. अपलोड २० एमबीपीएसचा असेल तर १०० जीबी चढायला अकरा-एक तास लागतात. फोटोंचा पहिला बॅकअप रात्री लावून द्यावा.

या सेवा फाइली चोरांपासून जपतात, पण त्यांची किल्ली सेवा देणाऱ्या कंपनीकडेही असते. म्हणून रजिस्ट्री, आधार, पासबुकं वर पाठवायची असतील तर आधी स्वतःच्या कुलपात घालून मग पाठवा. ते कुलूप पुढे येतंय.

किल्ली

पासवर्ड म्हणून नाव, जन्मसाल, गाडीचा नंबर, 'इंदूर' आणि पुढे १२३, हे सगळं पासवर्ड फोडणारी सॉफ्टवेअर पहिल्या काही मिनिटांत आजमावून पाहतात. चांगली किल्ली म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द. शब्दकोश डोळे मिटून सहा वेळा उघडा आणि बोट पडेल तो शब्द घ्या: खलबत्ता, पायरी, निवडुंग, शिंपी, उंबर, घागर. हा नमुना आहे, हाच वापरू नका. शब्द स्वतः सुचवू नका, कारण सुचलेले शब्द एकमेकांना ओढत येतात. अभंगाची ओळ, म्हण, गाण्याचा मुखडाही नको. ते सगळं चोरांच्या याद्यांत असतं.

इथे मराठी माणसाला एक अडचण हमखास येते. शब्द टाइप करायचे रोमन लिपीत, कारण दुसऱ्या संगणकावर मराठी कळफलक असेलच असं नाही. मग 'पायरी'त ए एकदा की दोनदा? 'शिंपी'त एन की एम? सहा महिन्यांनी हे आठवत नाही. म्हणून किल्ली कागदावर लिहायची ती रोमन स्पेलिंगसकट, एकेक अक्षर सुटं. हा कागद लॉकरमध्ये किंवा घरच्या कागदपत्रांच्या पेटीत, संगणकाच्या टेबलाच्या खणात नव्हे. घरातल्या आणखी एका माणसाला तो कुठे आहे ते सांगून ठेवा. घरातला जाणकार अचानक आजारी पडला तर बँकेचे आणि विम्याचे कागद त्याच कुलपात अडकतात.

बाकी शेकडो वेबसाइटांचे पासवर्ड डोक्यात ठेवायची गरज नाही. 'बिटवॉर्डन' किंवा फक्त तुमच्याच संगणकावर राहणारं 'कीपासएक्ससी' यांपैकी एक पासवर्ड मॅनेजर घ्या आणि त्याला सहा शब्दांची एक किल्ली लावा. ईमेलच्या खात्याला मात्र स्वतंत्र काळजी हवी, कारण बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?'चे दुवे तिथेच येतात. त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याची सोय, चालू करा. ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे दर ३० सेकंदांनी सहा आकडे बदलणारं, एसएमएसपेक्षा बरं. बॅकअप कोड छापून त्याच लॉकरमध्ये ठेवा, नाहीतर फोन हरवला की ईमेलही गेलं.

कुलूप

विंडोज सुरू होताना विचारला जाणारा पासवर्ड डिस्कवरच्या फाइलींना कुलूप लावत नाही. लॅपटॉप उघडून डिस्क काढली आणि यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला लावली, की एन्क्रिप्ट न केलेल्या सगळ्या फाइली सरळ वाचता येतात. पासवर्ड कितीही कठीण असला तरी तो विचारलाच जात नाही.

आधी पाहा की कुलूप आधीच लागलेलं आहे का. 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', तिथे 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की हे पुष्कळदा न सांगताच चालू होतं. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये हेच कुलूप 'बिटलॉकर' नावाने मिळेल. चालू असेल तर पुढचं काम ताबडतोब करा: ४८ आकड्यांची रिकव्हरी की शोधा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबपानावर तुमच्या डिव्हाइसच्या नावाखाली ती असते. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. सोबत 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरंही लिहून घ्या, म्हणजे दोन संगणक असतील तर कोणती कुठली ते कळेल. मदरबोर्ड बदलला किंवा कधीकधी बायोस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं, की निळी स्क्रीन ही की मागते. यंत्रातला टीपीएम चिप प्रत्येक वेळी सुरू होण्याची मापं ताडून पाहतो, आणि ती जुळली नाहीत तर तो कुलूप उघडत नाही. बिटलॉकर असेल तर बायोस अपडेटच्या आधी 'सस्पेंड प्रोटेक्शन' करा.

कपाटातल्या आणि नातेवाइकाकडच्या डिस्कसाठी वेगळं कुलूप लागतं. विंडोज प्रोमध्ये डिस्कवर उजवी क्लिक करून 'टर्न ऑन बिटलॉकर' करता येतं. विंडोजच्या होम आवृत्तीत ते करता येत नाही, पण प्रोवर कुलूप लावलेली डिस्क होमवर पासवर्ड देऊन उघडते. होम असेल तर 'व्हेराक्रिप्ट' वापरा. ते मोफत आहे आणि त्याचा कोड सर्वांना पाहता येतो. नवख्याने अख्खी डिस्क एन्क्रिप्ट न करता डिस्कवर एक कुलूपबंद फाइल बनवावी. कारण असं: अख्खी एन्क्रिप्ट केलेली डिस्क लावली की विंडोजला ती कोरी वाटते आणि 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' अशी खिडकी येते. घरातल्या दुसऱ्या कोणी 'हो' म्हटलं की संपलं.

१. व्हेराक्रिप्ट त्याच्या अधिकृत पानावरून उतरवा आणि 'क्रिएट व्हॉल्यूम' दाबा.

२. 'क्रिएट ॲन एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर', मग 'स्टँडर्ड व्हॉल्यूम'.

३. फाइल कुठे ठेवायची ते दाखवा आणि नवं नाव द्या. आधी असलेली फाइल निवडू नका; ती पुसली जाऊन तिच्या जागी कंटेनर तयार होतो.

४. एईएस आणि एसएचए-५१२ हे आधीच निवडलेले पर्याय तसेच ठेवा. ते उत्तम आहेत.

५. आकार २० जीबी. नंतर वाढवणं किचकट आहे, म्हणून गरजेच्या तिप्पट-चौपट द्या. बाहेरची डिस्क जुनी, फॅट-३२ फाइल सिस्टिमची असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर मावणारच नाही. आधी ती एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या.

६. सहा शब्दांची किल्ली दोनदा टाइप करा. समोर कागद असू द्या आणि कागदावर बघूनच टाइप करा.

७. फाइल सिस्टिम एक्सफॅट. खिडकीत माऊस इकडेतिकडे फिरवत राहा, खालची पट्टी हिरवी होईपर्यंत. त्या हालचालीतून किल्लीसाठी यादृच्छिक आकडे घेतले जातात. मग 'फॉरमॅट'.

वापरताना: एक ड्राइव्ह अक्षर निवडा, 'सिलेक्ट फाइल', 'माउंट', किल्ली. नवी ड्राइव्ह दिसेल, तिच्यात नेहमीसारखं काम करा. संपलं की 'डिसमाउंट', जे नव्या आवृत्तीत 'अनमाउंट' म्हणून दिसतं. माउंट केलेली असताना केबल उपटू नका.

दोन गोष्टी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. पहिली, व्हेराक्रिप्ट मुद्दाम कंटेनरची बदलाची तारीख जुनीच ठेवतं, म्हणजे फाइलीत काही बदललं हे बाहेरून कळू नये. परिणामी फ्रीफाइलसिंकला वाटतं की काहीच बदललं नाही, आणि नवी प्रत जातच नाही. 'सेटिंग्ज', 'प्रेफरन्सेस'मध्ये 'प्रिझर्व्ह मॉडिफिकेशन टाइमस्टॅम्प' वरची खूण काढा. दुसरी, 'टूल्स'मधून 'बॅकअप व्हॉल्यूम हेडर' करून ती लहानशी फाइल वेगळ्या ठिकाणी ठेवा. कंटेनरचा सुरुवातीचा भाग खराब झाला तर किल्ली बरोबर असूनही तो उघडेनासा होऊ शकतो, तेव्हा ती उपयोगी पडते.

कंटेनरमध्ये गेलेल्या मूळ फाइली बाहेर राहिल्या तर कुलपाचा काही उपयोग नाही. प्रत उघडून पाहिल्यावर बाहेरच्या पुसा आणि रिसायकल बिन रिकामा करा. डाउनलोड्सचं फोल्डरही बघा. आधारच्या पाच-पाच प्रती तिथे पडलेल्या असतात.

घराबाहेर जाणाऱ्या फाइली

माहिती फुटते ती घरातल्या डिस्कमधून कमी आणि झेरॉक्सच्या दुकानातून जास्त. भंवरकुव्याच्या कोचिंग क्लासच्या गल्ल्यांत दिवसभर मुलं आधार, मार्कशीट, पासबुक व्हॉट्सॲपने दुकानाच्या नंबरावर पाठवून प्रिंट काढतात. ती फाइल दुकानाच्या संगणकाच्या डाउनलोड्समध्ये राहते. नंतर तुम्ही 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलंत तरी उतरवून घेतलेली प्रत तशीच असते. त्यापेक्षा एक रिकामी पेनड्राइव्ह फक्त या कामासाठी ठेवा, तिच्यात तेवढीच एक फाइल न्या, आणि प्रिंट झाल्यावर दुकानदाराला समोरच डेस्कटॉपवरची प्रत पुसायला सांगा. भाऊ, एवढं डिलीट करून द्या, असं म्हटल्यावर कोणी नाही म्हणत नाही. घरी आल्यावर ती पेनड्राइव्ह उघडण्याआधी विंडोज सिक्युरिटीने स्कॅन करा.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल असा ठरलेला असतो. तुम्हाला ओळखणारा कोणीही तो उघडू शकतो, तेव्हा त्याला कुलूप समजू नका. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या पानावरून 'मास्क्ड आधार' उतरवता येतं, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. चालेल तिथे तेच द्या. कागदी प्रतीवर तिरकी रेघ मारून कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा. एमपी ऑनलाइनच्या किऑस्कवर (सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात) फॉर्म भरताना मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. घाईत किऑस्कवाल्याचा दिला तर पासवर्ड बदलण्याचे सगळे ओटीपी पुढे त्याच्याकडे जातात.

मंडळाची वर्गणीदारांची यादी किंवा सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये असेल तर लोक 'प्रोटेक्ट शीट' करून निश्चिंत होतात. ती सोय चुकून खाडाखोड होऊ नये म्हणून आहे. गुप्ततेशी तिचा संबंध नाही. खरं कुलूप 'फाइल', 'इन्फो', 'प्रोटेक्ट वर्कबुक', 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' इथे मिळतं. लपवलेले कॉलम तर कोणीही दोन क्लिकमध्ये उघडतं. पासवर्ड फाइलीसोबत त्याच ईमेलमध्ये पाठवू नका, फोन करून सांगा. लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेले नंबर आहेत, आणि चिटणीस बदलला की जुन्या चिटणिसाच्या लॅपटॉपवरून ती यादी पुसली गेली की नाही हे विचारण्यात संकोच करायचं कारण नाही.

दुरुस्तीला देताना आधी प्रत घ्या. पडदा, बॅटरी किंवा कळफलक बदलायचा असेल तर विंडोजचा पासवर्ड द्यावाच लागत नाही. द्यावा लागलाच तर वेगळं, साधं खातं बनवून त्याचा द्या. डिस्क सहज निघत असेल तर काढून घरी ठेवा. यंत्र परत आल्यावर 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मध्ये दुरून ताबा घेणारी सॉफ्टवेअर, एनीडेस्कसारखी, राहिली आहेत का ते पाहून काढा. आणि विंडोज 'फुकट ॲक्टिव्हेट' करून देणारं क्रॅक घालू देऊ नका: ते चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं.

मोबाइलबद्दल थोडक्यात. व्हॉट्सॲपच्या 'चॅट बॅकअप'मध्ये 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' वेगळा चालू करावा लागतो. केला नाही तर गुगल ड्राइव्हवरची प्रत व्हॉट्सॲपच्या कुलपाबाहेर राहते. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी संगणक दिसला तर लगेच लॉग आउट करा.

बिघडलं तर

डिस्कमधून टिक-टिक आवाज येऊ लागला, किंवा फोल्डर उघडायला मिनिट लागू लागलं, तर 'चेकडिस्क' हे विंडोजचं डिस्क तपासण्याचं साधन चालवू नका. मरत असलेल्या डिस्कला ते शेवटचा धक्का देतं. आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा; माहिती महत्त्वाची असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या. आवाज नसेल तर सगळ्यात आधी गरजेच्या फाइली उतरवा. डिस्कची तब्येत दाखवणारं 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे सॉफ्टवेअर महिन्यातून एकदा पाहिलं तर सूचना आधी मिळते: 'गुड'च्या जागी पिवळं 'कॉशन' आलं, किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचताना अडणाऱ्या जागांचा आकडा) शून्यावरून वाढू लागला, की नवी डिस्क आणायची.

फाइलींची नावं विचित्र झाली आणि खंडणीची सूचना आली तर इंटरनेट तोडा, बाहेरची डिस्क काढा, आणि बॅकअप डिस्क त्या यंत्राला मुळीच लावू नका. विंडोज पूर्ण पुसून नव्याने बसवल्यावरच ती जोडायची. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा. लवकर कळवलं तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता राहते.

जुनी डिस्क देताना

फाइल पुसली किंवा 'क्विक फॉरमॅट' केलं तरी मजकूर डिस्कवर राहतो. फक्त त्याची नोंद जाते. फिरत्या हार्ड डिस्कवर 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, तेव्हा सगळीकडे शून्यं लिहिली जातात. १ टीबीला साधारण तीन तास लागतात, आणि एकदा केलं की पुरे. सात-सात वेळा पुसण्याची गरज आजच्या डिस्कला नाही. एसएसडीवर मात्र ही पद्धत भरवशाची नाही, कारण तिचा कंट्रोलर लिहायची जागा स्वतः बदलत राहतो आणि काही जुने कप्पे विंडोजला दिसतच नाहीत. तिथे डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं 'सिक्युअर इरेज' वापरा. यंत्र विंडोजसकट विकायचं असेल तर 'रीसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि 'चेंज सेटिंग्ज'मध्ये 'क्लीन डेटा' चालू. सुरुवातीपासून एन्क्रिप्ट असलेली एसएसडी असेल तर रीसेटनंतर जुना मजकूर किल्लीशिवाय निरुपयोगीच असतो.

मेलेली डिस्क पुसता येत नाही, ती फोडावी लागते. मोठ्या डिस्कच्या तबकड्या बहुधा धातूच्या असतात, त्यांना ड्रिलने तीन-चार भोकं पाडा. लॅपटॉपच्या लहान डिस्कच्या तबकड्या बरेचदा काचेच्या असतात आणि फुटताना उडतात, म्हणून चष्मा घालून, जाड कापडात गुंडाळून हातोडी मारा. एसएसडी आणि पेनड्राइव्हमध्ये बोर्डवरचा प्रत्येक काळा चिप तुटला पाहिजे. नुसता कनेक्टर मोडून उपयोग नाही, तो पुन्हा जोडता येतो. तुकडे कबाड्याला न देता नगर निगमच्या कचरागाडीतल्या ई-कचऱ्याच्या कप्प्यात टाका.